रक्तातला विळा

(बपेरा येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेने मला बोलण्यासाठी “प्रथिने आणि आरोग्य” असा विषय दिला. प्रथिने म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे डाळ, अंडी, दूध, मटण येते. त्यामुळे आता हे गृहस्थ मुलांना काय खाऊ घालावे ते सांगणार, असे पुष्कळांना वाटले असेल. तो विषय महत्त्वाचा आहे, पण तो आपल्या घरातील बायकांना माझ्यापेक्षा जास्त कळतो. मला आज त्याच्या पुढचे सांगायचे आहे. खाल्लेल्या डाळीचे पोटात गेल्यावर काय होते, शरीर त्यातून काय घडवते, आणि त्या घडणीत एखादी बारीकशी चूक झाली तर आपल्या या भागात घराघरांत काय घडते, हे सांगायचे आहे.

प्रथिन म्हणजे मण्यांची माळ असे समजा. या मण्यांना शास्त्रात अमायनो आम्ले म्हणतात. ते 20 प्रकारचे असतात. आपण खाल्लेली माळ पोटात तुटते, मणी सुटे होतात, रक्तातून पेशीपर्यंत जातात आणि पेशी ते आपल्या गरजेप्रमाणे नव्याने ओवते. कोणत्या मण्यानंतर कोणता मणी घ्यायचा हे पेशीच्या जनुकात लिहिलेले असते. माळ ओवून झाली की ती आपोआप घड्या पडून एक ठराविक आकार घेते. सगळे काम या आकारावर अवलंबून असते. किल्लीचा एक दात झिजला तर कुलूप उघडत नाही, तसेच हे आहे.

पेशीतले जवळजवळ प्रत्येक काम प्रथिने करतात. उदाहरणादाखल इन्सुलिन घ्या. ते 51 मण्यांचे लहानसे प्रथिन. जेवण झाले की ते रक्तात सुटते आणि स्नायूंच्या पेशीच्या दारावर जाऊन निरोप देते. दारावर तो निरोप घेणारे दुसरे प्रथिन असते. ते आत खबर देते आणि मग साखर आत नेणारी तिसऱ्या जातीची प्रथिने पेशीच्या आतून पृष्ठभागावर येतात. या साखळीत कोठेही खंड पडला की साखर रक्तातच राहते. यालाच आपण “शुगर झाली” म्हणतो. काहींच्या शरीरात निरोप देणाराच उरत नाही, तर पुष्कळांच्या शरीरात निरोप येतो पण पेशी तो नीट ऐकत नाही.

दुसरे उदाहरण येथील तरुणांसाठी. पी-53 नावाचे एक प्रथिन प्रत्येक पेशीत पहारा करीत असते. पेशीच्या जनुकांना इजा झाली की ते पेशीची विभागणी थांबवते, दुरुस्तीला वेळ देते, आणि दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर त्या पेशीला मरण पत्करायला लावते. तंबाखूतील विषारी द्रव्ये ज्या जनुकांवर घाव घालतात त्यांत या पहारेकऱ्याचेही जनुक असते. पहारा उठला की बिघडलेली पेशी वाढत सुटते. गालात तासन् तास खर्रा धरून ठेवणाऱ्यांना आणखी काही सांगायला नको. सभागृहाबाहेर पडलेल्या पन्न्या मी येताना पाहिल्या, म्हणून एवढे बोललो. असो.

आता मुख्य विषयाकडे वळतो. आपल्या रक्ताला लाल रंग देणारे प्रथिन म्हणजे हिमोग्लोबिन. दोन जातींच्या चार माळा मिळून त्याचा एक रेणू होतो. दोन माळा प्रत्येकी 141 मण्यांच्या आणि दोन प्रत्येकी 146 मण्यांच्या. एका तांबड्या पेशीत असे सुमारे 27 कोटी रेणू कोंबलेले असतात. प्राणवायू वाहून नेणे हे त्यांचे काम. परंतु हिमोग्लोबिन हे काही भरायचे आणि रिकामे करायचे पोते नव्हे. चारपैकी एका माळेने प्राणवायू पकडला की रेणूचा आकार किंचित बदलतो आणि बाकीच्या तिघींना तो पकडणे सोपे जाते. उलट, राबणाऱ्या स्नायूजवळ आम्लता वाढलेली असते, तेथे पोचताच तो प्राणवायू सोडून देतो. म्हणजे जेथे गरज तेथेच माल उतरतो. हे सगळे आकार बदलण्याच्या कलेवर चालते.

सिकलसेल या रोगात 146 मण्यांच्या माळेतला फक्त सहावा मणी वेगळा असतो. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. पहिला मणी पाण्याशी सलगी करणारा, दुसरा तेलासारखा पाण्यापासून तोंड लपवणारा. प्राणवायू असेपर्यंत काही बिघडत नाही. पण प्राणवायू सोडल्यावर रेणूचा आकार बदलतो, शेजारच्या रेणूवर एक खाच उघडी पडते आणि हा तेलकट मणी त्या खाचेत जाऊन बसतो. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, असे हजारो रेणू चिकटून त्यांच्या ताठ काड्या तयार होतात. नरम, गोल, बत्ताशासारखी पेशी आतून ताणली जाते आणि तिचा आकार विळ्यासारखा होतो. दरवर्षी धानकापणीला जो विळा आपण हातात धरतो, तोच आकार. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, त्यावरून रोगाचे नाव पडले.

आपल्या बारीक केशवाहिन्या तांबड्या पेशीपेक्षाही अरुंद असतात. निरोगी पेशी अंग दुमडून त्यातून निघून जाते. विळा अडकतो. मागच्या पेशी त्याच्यामागे तुंबतात आणि पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. मग हाडांत, सांध्यांत, पोटात, छातीत जी कळ उठते तिचे वर्णन रोगीच करू जाणे. लहान बाळाचे हात-पाय सुजतात, हे बहुधा पहिले लक्षण. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही विळ्याची पेशी 10 ते 20 दिवसांत फुटते. त्यामुळे रक्त कमी राहते आणि डोळे पिवळे दिसतात. घरचे समजतात कावीळ झाली, आणि झाडपाल्यासाठी गावोगाव हिंडतात. प्लीहा, म्हणजे पानथरी, लवकर निकामी होते, म्हणून साध्या जंतूंचाही संसर्ग अशा मुलाच्या जिवावर बेतू शकतो. पुढे खुब्याचे हाड झिजणे, पायावर न भरणाऱ्या जखमा, कधी अर्धांगवायू, ही सारी त्या एका मण्याची करामत.

हे ज्ञान कसे मिळाले तेही विद्यार्थ्यांनी ऐकण्यासारखे आहे. 1910 साली शिकागोचे डॉ. हेरिक यांनी अशा विळ्याच्या पेशींचे वर्णन प्रथम छापले. त्यांचा रोगी वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडाहून दंतवैद्यक शिकायला आलेला एक विद्यार्थी होता. 1949 साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसाचे व रोग्याचे हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात ठेवून पाहिले. दोन्ही वेगवेगळ्या गतीने सरकली. एखाद्या रोगाचे मूळ एका रेणूत आहे, असे माणसाने पहिल्यांदा दाखवले ते येथे. पुढे 1956-57 मध्ये केंब्रिजला व्हर्नन इन्ग्राम यांनी ती माळ तुकडे करून तपासली आणि नेमका कोणता मणी बदलला ते शोधून काढले. आज इस्पितळात “इलेक्ट्रोफोरेसिस” म्हणून जी तपासणी करतात, ती पॉलिंग यांच्याच प्रयोगाची लेक आहे.

भारतात हा रोग 1952 साली निलगिरीच्या आदिवासींत प्रथम आढळला. आपल्या मध्य भारतातील नोंद 1958 सालची आहे. नागपूरच्या डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांनी ती “लॅन्सेट” या जगप्रसिद्ध वैद्यकीय पत्रात छापली. म्हणजे विदर्भात सिकलसेल आहे हे जगाला कळून साठ वर्षांवर काळ लोटला. तरी आपल्यातल्या किती जणांनी आपले रक्त तपासून घेतले आहे? हात वर करायला मी सांगत नाही. आपापल्या मनाशी उत्तर द्यावे.

हा रोग याच पट्ट्यात का, असाही प्रश्न मला नेहमी विचारतात. कारण हिवतापात आहे. ज्याच्याकडे आईकडून एक चांगले आणि बापाकडून एक सिकलचे, किंवा उलट, असे जनुक आले असेल, त्याला वाहक म्हणतात. आपल्याकडे “एएस पॅटर्न” म्हणतात तोच हा. वाहक रोगी नसतो. तो शेती करतो, पोलिसात भरती होतो, त्याला औषधाची गरज नसते. उलट मेंदूवर जाणाऱ्या जीवघेण्या हिवतापापासून त्याला बरेच संरक्षण मिळते. ही गोष्ट डॉ. ॲलिसन यांनी 1954 साली पूर्व आफ्रिकेत दाखवून दिली. जंगल, तलाव आणि डास यांच्या प्रदेशात पिढ्यान् पिढ्या वाहक जास्त जगले, म्हणून हे जनुक टिकले. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर हा सगळा भाग तसाच. यात कोणाच्या पापाचा किंवा कोणाच्या नजरेचा काही संबंध नाही.

रोगी तोच, ज्याला आई आणि बाप या दोघांकडूनही सिकलचे जनुक मिळाले. त्याला “एसएस” म्हणतात.

आता एक समजूत स्पष्टपणे बोलून दाखवतो. “हा रोग आदिवासींत असतो, बौद्ध समाजात असतो, आपल्यात नसतो.” हे वाक्य मी पुष्कळ ठिकाणी ऐकले आहे. त्या समाजांत प्रमाण जास्त आहे हे खरे. परंतु विदर्भात इतर मागास जातींत आणि मुसलमान कुटुंबांतही तो आढळतो. शिवाय थॅलेसेमिया नावाचा दुसरा रक्तदोष आहे, त्यात हिमोग्लोबिनची माळ पुरेशी तयारच होत नाही. एक जोडीदार सिकलचा वाहक आणि दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असेल, तर दोघेही ठणठणीत असून मूल मात्र सिकलसेलच्या रोग्यासारखे आजारी निपजू शकते. “आपल्यात नाही” या भरवशावर आपली तपासणी राहून जाते आणि दोष तसाच पुढच्या पिढीत उतरतो.

यातून लग्नाचा प्रश्न निघतो. आपल्यात चुलत, मामे, आत्ते, मावस भावंडांत सोयरीक होते. विदर्भातल्या पुष्कळ हिंदू जातींतही मामाची मुलगी करतात. त्यावर टीका करायला मी उभा नाही. ओळखीचे घर, ओळखीची माणसे, मुलगी जवळ राहते, याची किंमत मला ठाऊक आहे. फक्त हिशोब सांगतो. आजोबा वाहक असतील तर त्यांच्या प्रत्येक मुला-मुलीला ते जनुक मिळण्याची शक्यता निम्मी, आणि प्रत्येक नातवंडाला चौथाई. बाहेरच्या ज्या घराण्यात हा दोष क्वचितच असेल, तेथली सून आणली तर दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता फार कमी. चुलत-मामेभावंडांत मात्र एकाच आजोबांचा ठेवा दोन्ही बाजूंनी येऊन भेटू शकतो. म्हणून नात्यात सोयरीक करणाऱ्यांनी तर तपासणी आधी केलीच पाहिजे. दोघांपैकी एक जरी सिकल आणि थॅलेसेमिया या दोन्हींतून मोकळा असेल तर मूल या रोगाचे होणार नाही. मग खुशाल लग्न करा.

दोघेही वाहक निघाले तर प्रत्येक बाळंतपणात मूल रोगी होण्याची शक्यता 4 मध्ये 1. येथे लोक हमखास गोंधळतात. पहिले मूल आजारी झाले, आता पुढची तीन चांगली होणार, असे समजतात. तसे नाही. प्रत्येक वेळी नव्याने चिठ्ठी काढली जाते आणि प्रत्येक वेळी प्रमाण तेच राहते. आधीच लग्न झालेल्या अशा जोडप्यांसाठी गर्भारपणाच्या तिसऱ्या महिन्याच्या सुमारास बाळाची तपासणी करता येते. पुढचा निर्णय त्या पती-पत्नीचा. त्यांनी डॉक्टरांशी आणि ज्यांच्या शब्दावर त्यांचा विश्वास आहे अशा जाणत्या माणसांशी बोलावे.

आणि मायभगिनींनो, आणखी एक. रोगी मूल जन्मले की सुनेच्या माहेराकडे बोट दाखवले जाते. आत्ताच सांगितले, दोन्हीकडून जनुक आल्याशिवाय हे मूल होतच नाही. मुलीला दोष देणाऱ्याने आधी आपल्या मुलाचा रिपोर्ट पाहावा.

औषधांविषयी थोडे. गंमत अशी की सिकलचे बाळ पहिले काही महिने चांगले असते. पोटातल्या बाळाचे हिमोग्लोबिन वेगळ्या माळांचे असते, त्यात तो सहाव्या मण्याचा घोटाळा नसतो. जन्मानंतर ते बनणे हळूहळू बंद होते. हे बंद करणारेही एक प्रथिनच आहे. त्याचे नाव बीसीएल-11-ए. ते जनुकाच्या गादीवर बसून बाळपणाचे हिमोग्लोबिन दाबून ठेवते. ज्यांच्यात ते थोडेफार चालूच राहते त्यांचा रोग सौम्य असतो. सौदी अरबस्तानच्या पूर्व भागातील आणि भारतातील रोग्यांत सिकलच्या जनुकाचा एकच घराणेवजा प्रकार सापडतो, आणि त्यांच्यात हे बाळ-हिमोग्लोबिन पुष्कळदा जास्त असते. मात्र नागपूरकडच्या कितीतरी मुलांना तरीही तीव्र त्रास होतो, म्हणून या माहितीवर विसंबून राहू नये.

हायड्रॉक्सियुरिया ही गोळी हेच बाळ-हिमोग्लोबिन वाढवते. तिने कळांचे प्रमाण कमी होते, रक्त कमी वेळा चढवावे लागते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेळोवेळी रक्त तपासून, रोज घ्यायची असते. बरे वाटले म्हणून सोडायची नसते. फॉलिक ॲसिडची गोळी सोबत असते. लोहाची गोळी मात्र रक्त कमी आहे म्हणून आपल्या मनाने देऊ नये. लहान मुलांना पेनिसिलिन आणि न्यूमोनियाची लस महत्त्वाची. भरपूर पाणी, थंडीपासून जपणूक आणि ताप आल्यास त्याच दिवशी दवाखाना, ही तीन पथ्ये फुकटची आहेत. ज्याला श्वास लागतो, छातीत दुखते, पोट एकाएकी फुगते व मूल पांढरेफटक पडते, किंवा एक बाजू लुळी पडते, त्याला एक तासही घरी ठेवू नका.

रमजानचा उल्लेख येथे करणे भाग आहे. पाण्यावाचून दिवसभर राहिल्यास एसएस रोग्याच्या पेशी विळ्याचा आकार घेण्याचा धोका वाढतो, आणि विदर्भाचा उन्हाळा आपण जाणता. आजारी माणसाला रोज्यातून सवलत आहे, हेही आपण सारे जाणता. अशा मुलाने हट्ट धरला तर आई-बापांनी भावनेला न जाता डॉक्टरांना विचारावे.

नव्या उपायाचीही वार्ता देतो. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने एका उपचाराला मान्यता दिली. रोग्याच्या अस्थिमज्जेतील मूळ पेशी बाहेर काढून, जनुक कापण्याच्या तंत्राने त्या बीसीएल-11-ए प्रथिनाचा तेथील दाब उठवतात व पेशी परत देतात. बाळपणीचे हिमोग्लोबिन पुन्हा वाहू लागते. या तंत्रासाठी शार्पेंतिए व डाउडना या दोन विदुषींना 2020 चे नोबेल मिळाले, हे मुलींनी लक्षात ठेवावे. अमेरिकेत या उपचाराची किंमत 22 लाख डॉलर ठेवली गेली. आपल्या शेतकऱ्याच्या सात पिढ्यांची कमाई तेथे पुरणार नाही. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संशोधन संस्थेत स्वदेशी तंत्रावर काम झाले आहे, आणि माझी आशा तिकडे आहे. तोवर आपल्या हातात गोळी, पाणी आणि तपासणी आहे.

शिक्षकांना एक विनंती. एका शाळेत एक मुलगा हिवाळ्यात सारखा गैरहजर राही. त्याला कामचोर म्हणून वर्गात उभे करीत, थंडीत मैदानावर फेऱ्या मारायला लावीत. त्याचे रक्त तपासले तेव्हा एसएस निघाला. अशा मुलाला पाण्याची बाटली जवळ ठेवू द्या, लघवीला जाऊ द्या, बुडालेला अभ्यास भरून द्या. त्याची बुद्धी इतरांसारखीच असते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आणि थॅलेसेमिया या दोन्हींचा समावेश आहे. पालकांनी प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

शेवटी तपासणीचे. 1 जुलै 2023 रोजी शहडोल येथून केंद्र सरकारची सिकलसेल मोहीम सुरू झाली. 40 वर्षांच्या आतील 7 कोटी लोकांची तपासणी तिने योजली आहे. शहडोल आपल्या शेजारच्याच मध्य प्रदेशातले. तपासणी अशी असते: बोटातून एक थेंब घेऊन द्रावणात टाकतात, ते गढूळ झाले तर सिकलचे हिमोग्लोबिन आहे असे समजतात. याला सोल्युबिलिटी चाचणी म्हणतात. तिच्यात वाहक कोण आणि रोगी कोण हे कळत नाही, थॅलेसेमिया तर मुळीच कळत नाही. नवजात बाळात ती भरवशाची नसते. म्हणून गढूळ निघाल्यास इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून घ्यावीच, आणि सोयरीक ठरवताना तर पहिल्यापासून तीच मागावी. हा रिपोर्ट माणसाला आयुष्यात एकदाच लागतो, कारण पॅटर्न बदलत नाही. त्यावर नाव, तारीख आणि पॅटर्न स्पष्ट लिहून घ्या, व रेशनकार्डाबरोबर सांभाळून ठेवा.

 कोणाला खाजगी काही विचारायचे असेल तर चहाच्या वेळी मी मागच्या खोलीत बसलो आहे. बहिणींनी आधी यावे.